घरच्या पोकरमध्ये बँक दोन हजारांनी कमी आली, हिशोब कसा मिटवायचा?

वारजेकर

नमस्कार मंडळी. वारज्यात माझ्या फ्लॅटवर शनिवारी रात्री पोकर चालतं. टेक्सास होल्डेम, म्हणजे प्रत्येकाला दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम, १०-२०. बाय-इन, म्हणजे बसताना चिप्ससाठी भरायचे पैसे, एक हजार, संपले की रिबाय, म्हणजे पुन्हा भरायचे. सहाजण कॉलेजपासूनचे. २०२५च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, तेव्हापासून ॲपवर खेळणारे दोघं आमच्यात येऊ लागले. एक मित्राच्या ऑफिसातला, दुसरा त्याच्या ओळखीचा. दोघं चांगलं खेळतात. त्यांच्या येण्याने रिबाय वाढले आणि रात्रीची उलाढालही वाढली.

आमची पद्धत अशी. ३०० चिप्सची पेटी आहे. पांढऱ्या १०० चिप्स दहाच्या, लाल १०० पन्नासच्या, हिरव्या ५० शंभरच्या आणि निळ्या ५० पाचशेच्या. पेटी टेबलाच्या कडेला असते. ज्याला चिप्स लागतील तो मागतो, जो जवळ बसला असेल तो काढून देतो. कोणी रोख देतं, कोणी माझ्या जीपेवर टाकतं, आणि नोंद म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकायचा.

या शनिवारी रात्री दीडला खेळ थांबवला. टेबलावरच्या चिप्स भरल्या १७,५०० रुपयांच्या. बँकेत, म्हणजे चिप्सच्या बदल्यात जमा झालेले, पैसे होते रोख ६,५०० आणि जीपेवर ९,०००, म्हणजे १५,५००. दोन हजार कमी. तोपर्यंत तिघंजण आपले पैसे घेऊन पार्किंगमध्ये पोचले होते. जो मित्र सगळ्यात शेवटी चिप्स वटवायला आला त्याच्याकडे ३,४०० होते, त्याच्या हातात १,४०० आले. तो काही बोलला नाही, "बघू" म्हणून गाडी काढून गेला. त्याचं ते गप्प राहणं मला फार लागलं. आमच्यातला तोच एक असा आहे की कुणाचे पाच रुपये ठेवत नाही.

दुसरी गोष्ट त्याच रात्रीची. एका डावात पॉट, म्हणजे मधे जमलेली पैज, ४,२०० झाला. टेबलावरची पानं होती बदाम नव्वी, बदाम चौकी, इस्पिक राणी, किलवर सत्ती आणि रिव्हरला, म्हणजे शेवटचं पान, बदाम दुर्री. नवीन आलेला म्हणाला "फ्लश", म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं, आणि दोन्ही पत्ते उघडे टाकले. समोरच्या आमच्या मित्राने ते ऐकलं आणि आपले पत्ते पालथे करून टाकून दिलेल्या पत्त्यांवर फेकले. पॉट ओढून झाल्यावर कुणीतरी बघितलं तर नवीन माणसाकडे बदाम राजा आणि चौकट राणी! लाल-लाल दिसलं म्हणून सगळ्यांना फ्लश वाटला. मित्र म्हणतो माझ्याकडे नव्वी आणि सत्ती होती, दोन जोड्या, पॉट माझा. दुसरा म्हणतो तू पत्ते फेकलेस, डाव संपला. पैसे सध्या माझ्याकडे वेगळ्या पाकिटात ठेवलेत. ते १५,५००मध्येच मोजलेले आहेत आणि दोघांनाही उरलेल्या चिप्सचे पैसे मिळालेत.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दोन हजारांचा खड्डा कुणी भरायचा? ते पाकीट कुणाला द्यायचं? आणि यापुढे ही वेळ येऊ नये म्हणून पैशाची शिस्त कशी लावायची? ही बैठक मला मोडू द्यायची नाही. आठवडाभर सगळे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा असे विखुरलेले असतात, भेटण्याचं हे एकच निमित्त उरलंय.


बाणेर_बारावा_मजला

पाकिटाचं उत्तर सोपं आहे. पालथे फेकलेले पत्ते मेले. पोकरमध्ये आपले पत्ते सांभाळणं हे ज्याचं त्याचं काम. समोरचा काय म्हणतो यावर विश्वास ठेवायचाच नसतो, टेबलावर पडलेली पानं बघायची असतात. तुमच्या मित्राने दोन सेकंद थांबून बघितलं असतं तर पॉट त्याचाच होता. पॉट राणीच्या जोडीला, म्हणजे नवीन माणसाला.

खड्ड्याबद्दल आमच्याकडे नियम असा की बँकेत जितके पैसे आहेत ते चिप्सच्या प्रमाणात वाटायचे. तुमच्या बाबतीत १५,५०० भागिले १७,५००, म्हणजे रुपयाला साधारण साडेअठ्ठ्याऐंशी पैसे. ज्याच्याकडे हजाराच्या चिप्स आहेत त्याला ८८६ मिळतील. हरलेल्या माणसाकडून रात्री दीडला आणखी पैसे काढणं जमत नाही, जिंकलेला थोडं कमी घ्यायला तयार होतो. व्यवहारात हेच चालतं.


हिशोबनीस

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. सहकारनगरला आमची बैठक असते, नवरा आणि त्याचे मित्र, दोघीतिघी बायकाही खेळतो. बँक माझ्याकडे असते. तुमचा प्रश्न वाचून मी आज दुपारचा डबा बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण अशा दोन हजारांनी फुटलेली बैठक मी पाहिली आहे. पैसे नंतर कुणाला आठवतही नव्हते, पण एकमेकांकडे जाणं थांबलं ते थांबलंच.

आधी खड्डा कुणी भरायचा ते सोडा. खड्डा कसला आहे ते शोधा. तुम्ही टेबलावरच्या चिप्स मोजल्या, पेटीतल्या मोजल्या का? तुमच्या सांगण्यावरून पेटी एकूण ३६,०००ची होते. पांढऱ्या १,०००, लाल ५,०००, हिरव्या ५,०००, निळ्या २५,०००. टेबलावर १७,५०० होत्या, तर पेटीत १८,५०० उरायला हव्यात.

तेवढ्याच उरल्या असतील तर चिप्स सगळ्या जागेवर आहेत आणि कुणीतरी दोन हजारांच्या चिप्स घेऊन पैसे दिलेले नाहीत. बेरीज ३६,०००च्या वर गेली तर बाहेरच्या चिप्स आत आल्या आहेत. ही पेटी ऑनलाइन कुणालाही मिळते, तसलीच दुसऱ्याच्या घरीही असू शकते. आणि बेरीज कमी आली तर सोफ्याखाली बघा, पण एक लक्षात घ्या, चिप हरवली तर बँकेत पैसे जास्त उरतात, कमी पडत नाहीत. बँक कमी पडली की मुख्य शक्यता दोन, न भरलेला रिबाय किंवा बाहेरून आलेली चिप. नाहीतर चालू खेळात पैसे देताना कुणाला जास्त गेले.

आणखी एक शक्यता आहे आणि ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मागच्या वेळी चार निळ्या चिप्स कुणाच्या खिशात राहिल्या, मुद्दाम म्हणा की चुकून, आणि या शनिवारी त्या टेबलावर आल्या. मग बेरीज बरोबर ३६,०००च भरेल आणि तरी बँक दोन हजारांनी कमी येईल. तसं असेल तर मागच्या शनिवारी बँकेत दोन हजार जास्त उरलेले असणार. आठवून बघा. याचसाठी आमच्याकडे पेटी पहिला डाव वाटायच्या आधी मोजतात आणि शेवटी परत मोजतात. दोन माणसं मोजतात, पाच मिनिटं लागतात.

आता शिस्त. चिप्स एकाच माणसाच्या हातून जायला हव्यात. जो जवळ असेल तो काढून देतो ही पद्धत उद्यापासून बंद करा. पतसंस्थेत तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे त्याच्याकडेच हिशोब असतो. बँक धरणाऱ्याने खेळायला हरकत नाही, पण चालू डावात चिप्स द्यायच्या नाहीत. डाव संपला, पत्ते पिसायला घेतले की मगच.

पैसे आधी, चिप्स नंतर. यात सख्खा भाऊ असला तरी सूट नाही. "जीपे करतो" म्हणाला तर फोनवर पैसे आल्याचं दिसेपर्यंत थांबायचं. नेटवर्क नसेल तर बाल्कनीत जाऊन करून ये म्हणावं. पहिल्यांदा लोकांना हे कोरडं वाटतं. दोनतीन शनिवारांत सवय होते आणि मग सगळ्यांना हायसं वाटतं, कारण "कुणाचे राहिले" हा विषयच निघत नाही.

नोंद व्हॉट्सॲपवर ठेवू नका. तिथे मधे गुड मॉर्निंग येतं, कुणी मॅचचा स्कोअर टाकतं, मेसेज वर सरकून जातो. साधी शंभर पानी वही घ्या. नाव, वेळ, रक्कम, रोख की जीपे, आणि शेवटी घेणाऱ्याची टिक. रक्कम मोठ्याने म्हणायची. "एक हजार, रोख, मिळाले." दोन कान ऐकतात. मी रोख एका स्टीलच्या डब्यात ठेवते आणि डबा वहीसकट टेबलावर सगळ्यांच्या नजरेसमोर असतो. आतल्या खोलीत, कपाटात, पर्समध्ये नाही.

मधे चहाला उठताना मी एकदा मोजणी करते. सगळ्यांनी आपापल्या चिप्स वीस-वीसच्या थप्प्यांत लावायच्या, मी बेरीज घेते आणि डब्याशी ताडून पाहते. तेव्हा फरक सापडला तर तो तासाभरापूर्वीचा असतो, माणसाला आठवतं. रात्री दीडला कुणालाच काही आठवत नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते मला. सगळ्यांच्या चिप्स मोजून वहीत लिहून, बेरीज डब्याशी जुळेपर्यंत एकही रुपया बाहेर द्यायचा नाही. तुमच्याकडे पहिले तिघं घेऊन गेले म्हणून खड्डा चौथ्याच्या, पाचव्याच्या नाही तर थेट शेवटच्या माणसाच्या माथी आला. आणि शेवटी कोण येतो? जो बिचारा ग्लास उचलतो, खुर्च्या जागेवर लावतो, पत्ते गोळा करतो तोच. चांगल्या माणसाला दंड होणारी पद्धत ठेवू नका. कुणाला लवकर निघायचं असेल तर त्याने अर्धा तास आधी सांगावं, तेव्हा एक मोजणी करून त्याला मोकळं करावं.

देताना रोख भरणाऱ्याला रोख आणि जीपेवाल्याला जीपे असं जमेल तितकं जुळवते. शेवटचा रिबाय खेळ संपायच्या एक तास आधी, त्यानंतर नाही. हा नियम हरलेल्या माणसासाठी आहे. रात्री सव्वा वाजता माणूस गेलेले पैसे परत आणायला बसतो, आणि तेव्हाच उधारी मागतो.

बाणेरच्या दादांचं प्रमाणात वाटप मला पटत नाही. ज्याने दोन हजार भरले नाहीत तो जर हरून बसला असेल तर त्याचं काहीच जात नाही, जिंकलेल्यांच्या खिशातून त्याची उधारी फिटते. आमच्याकडे ठरलेलं आहे की शोधूनही सापडलं नाही तर टेबलावर बसलेल्या सगळ्यांनी सारखं भरायचं. तुमचे आठजण, प्रत्येकी अडीचशे. हरलेलाही भरतो. चिप्स जाताना सगळे बघत होते, तर बघण्याची जबाबदारी सगळ्यांची. पतसंस्थेत कॅश कमी आली तर कॅशियरला त्याच दिवशी खिशातून भरावी लागते, पण त्याचा मला पगार आहे. घरी बँक धरणारा फुकट राबतो, त्याच्यावर टाकू नये. जिंकलेल्यावरही टाकू नये.

पाकिटाबद्दल. पालथे फेकलेले पत्ते मेले हा नियम खरा आहे. पण त्याला अपवादही खेळाचाच आहे. चुकीच्या घोषणेमुळे पत्ते फेकले गेले आणि ते गड्डीत मिसळले नसतील, कुठले ते नक्की सांगता येत असतील, तर ते परत उचलता येतात. तुम्ही लिहिलंय की ते टाकलेल्या पत्त्यांवर पडले. वरचेच दोन होते का? कुणी उलटून बघितले का? नव्वी-सत्ती निघाली असेल तर मी पॉट त्या मित्राला देईन. पुढचा डाव वाटला गेला असेल आणि आता फक्त त्याचा शब्द असेल, तर मात्र द्यायला आधार नाही.


बाणेर_बारावा_मजला

ताई, तुमचा सारख्या भरण्याचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरी जो पहिल्या तासात हजार हरून मॅच बघत बसला, त्याच्याकडून अडीचशे मागायला माझी जीभ वळणार नाही. त्याने त्यानंतर काही बघितलंच नाही. एवढं म्हणेन की नियम कुठलाही ठेवा, पण खेळ सुरू होण्याआधी ठरवा. खड्डा पडल्यावर प्रत्येकाला आपल्या फायद्याचा नियम न्याय्य वाटतो.

पत्ते परत उचलण्याबद्दल तुम्ही म्हणता तो अपवाद क्लबमध्ये मॅनेजरच्या हातात असतो. घरी मॅनेजर नाही. म्हणून आम्ही आमच्यापुरती सवय लावून घेतली आहे. शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते दाखवताना, दोन्ही खेळाडूंनी पत्ते उघडे टेबलावर ठेवायचे, आणि जो वाटणारा आहे त्याने पाच पानांचा हात मोठ्याने वाचेपर्यंत कुणी कशालाही हात लावायचा नाही. पत्ते बोलतात, माणूस नाही. तोंडाने फ्लश म्हणा की फुल हाउस, पानं सांगतील तेच खरं. आधी कुणी दाखवायचं यावरून घोळ असेल तर रिव्हरला शेवटचा रेज (वाढवलेली पैज) किंवा बेट (लावलेली पैज) ज्याची त्याने आधी. कुणीच बेट केलं नसेल तर वाटणाऱ्याच्या डावीकडून.

वाद झालाच तर त्या डावात नसलेल्या दोघांनी निर्णय द्यायचा, घरमालक डावात असेल तर त्याने बोलायचं नाही. आणि निर्णय त्या रात्रीपुरता शेवटचा.

साइड पॉटही एकदा समजावून ठेवा, तिथे पैसे हमखास चुकीच्या माणसाकडे जातात. एकजण ६००वर ऑल-इन, म्हणजे त्याने होतं तेवढं सगळं लावलं, बाकी दोघांनी १,५०० टाकले. मुख्य पॉट तिघांच्या ६००-६००चा, म्हणजे १,८००. उरलेले ९००-९००, ते १,८०० वेगळे, त्यात फक्त त्या दोघांचा हक्क. ऑल-इनवाल्याचा हात सगळ्यात मोठा असला तरी त्याला पहिलेच १,८००. ढीग दोन वेगळे करूनच पुढचं पान उघडा. आणि पॉट वाटून घ्यायचा असताना एक चिप उरली तर ती वाटणाऱ्याच्या डावीकडे जो पहिला असेल त्याला.


शिवाजीनगर_कोर्ट

मी वकिली करतो, म्हणून कायद्याचं थोडं. हे इथल्या कुणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण घरी पैसे लावून खेळणाऱ्याने एवढं माहीत असूनच खेळावं.

पहिलं, जिंकलेले पैसे कोर्टात वसूल होत नाहीत. १८७२च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार निरर्थक, त्यावर दावा चालत नाही. आणि हे फक्त हरलेल्या माणसाविरुद्ध नाही, खेळाच्या निकालापर्यंत कुणाकडे सांभाळायला दिलेल्या पैशालाही लागू आहे. म्हणजे तुमच्या पाकिटालाही. आपल्या भागात त्याला १८६५च्या जुन्या मुंबई कायद्याची जोड आहे, त्यामुळे पैजेच्या आधाराने केलेले इतर करारही निरर्थक ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५९मध्ये पैज निरर्थक असली तरी बेकायदा नाही असं म्हटलं, ते वेगळं, पण वसुलीला त्याचा उपयोग नाही. म्हणून उधारीवर चेक घेणं, स्टँपपेपरवर लिहून घेणं हे सगळं वाया. चेक परत गेला तरी मागे कायदेशीर देणं नसेल तर चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ उभं राहत नाही. आणि वसुलीसाठी कुणी धमकी दिली तर गुन्हा मात्र धमकी देणाऱ्यावर दाखल होतो. ताईंनी लिहिलंय ते "पैसे आधी" हेच तुमचं एकमेव संरक्षण आहे.

दुसरं, नाल, म्हणजे पॉटमधून घरमालकाचा वाटा, काढू नका. १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. त्यात जुगाराचं घर कुठलं तर जिथे मालक किंवा जागा वापरणारा जागेचे, साहित्याचे किंवा कुठल्याही रूपाने पैसे मिळवतो. प्रत्येक पॉटमधून वीस-तीस रुपये एसीचे, चहाचे म्हणून बाजूला काढणं ही तीच गोष्ट. १९६७मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच निकालात असंही आहे की घराचा किंवा क्लबचा मालक पैसे लावून खेळलेल्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हे कुणी वाचत नाही. जेवणाचे पैसे काढायचे तर खेळ सुरू होण्याआधी डोई सारखे काढा आणि बँकेपासून वेगळे ठेवा.

पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर एकवाक्यता नाही. पश्चिम बंगालच्या जुगार कायद्यात पोकर नावानिशी वगळलेला आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. तेव्हा "पोकरला चालतं" असं छातीठोकपणे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. घरात, ओळखीच्या माणसांत, घरमालकाला एक रुपयाही न सुटता, झेपेल एवढ्याच रकमेत ठेवा. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये नको. ॲपवर आभासी चिप्स आणि मागून जीपेवर हिशोब, हे तर २०२५च्या कायद्यानंतर अजिबात नको. आणि पत्त्यांच्या खेळातल्या मिळकतीवर ३० टक्के दराने आयकर असतो, हेही जिंकणाऱ्याने लक्षात ठेवावं.


वारजेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, नाल आमच्याकडे कधीच नव्हती, पिझ्झाचे पैसे पॉटमधून काढायचं एकाने सुचवलं होतं, ते आता कायमचं मिटलं.

ताई, तुम्ही म्हणालात तशी संध्याकाळी बायकोला बरोबर घेऊन पेटी मोजली. टेबलावरच्या चिप्स त्या रात्री वेगळ्या पिशवीत ठेवल्या होत्या. पेटीत १८,५०० आणि पिशवीत १७,५००. बरोबर ३६,०००. मागच्या शनिवारी पैसे जास्त उरले नव्हते, हिशोब चोख जुळला होता. मग ग्रुपवरचे मेसेज एकेक करून जीपेशी आणि रोखीशी लावले. रात्री ११.४०चा एक मेसेज आहे, "मला अजून २". त्यावर एका मित्राने अंगठा दाखवलाय. जीपेवर त्या वेळेच्या आसपास काही नाही आणि रोखीचे सगळे बाकी मेसेजशी जुळतात.

तो मेसेज नवीन दोघांपैकी कुणाचा नाही. आमच्या सहाजणांतल्या एकाचा आहे. माझ्या लग्नात वरातीपुढे नाचलेला मित्र. शनिवारपासून ग्रुपमध्ये सगळे नवीन माणसांबद्दल कुजबुजत होते आणि हा गप्प होता. त्याला आठवत नसेल असंच मला मनापासून वाटतं. पण विचारू कसं?

पत्त्यांचं, हो, ते वरचेच दोन होते. वाटणाऱ्याने तेव्हाच उलटून दाखवले होते, नव्वी आणि सत्ती, आणि पुढचा डाव वाटलेला नव्हता. मी ते लिहायचं राहिलं.


हिशोबनीस

मग पाकीट नव्वी-सत्तीवाल्याला द्या. नवीन माणसाला तुम्ही स्वतः फोन करून कारण सांगा, ग्रुपवर निकाल टाकू नका. त्याने जाणूनबुजून फ्लश म्हटलं असं धरू नका. बदाम आणि चौकट दिव्याच्या उजेडात चुकतात, मी स्वतः चार रंगांचा कॅट घेतला आहे, त्यात चौकट निळी आणि किलवर हिरवा असतो. पुढच्या शनिवारपासून शोडाउनचा नियम बाणेरच्या दादांनी सांगितला तसाच ठेवा, आणि तो नवीन माणसासमोर सगळ्यांना मिळून सांगा, म्हणजे त्याच्यासाठी केला असं होणार नाही.

मित्राला आजच फोन करा. मेसेज नको, आणि शनिवारपर्यंत थांबूही नका. दुसरं कुणी शेजारी नसताना करा. मी काउंटरवर जसं विचारते तसं विचारा. आधी नोंद सांगायची, मग विचारायचं. "अकरा चाळीसला तू दोन हजारांच्या चिप्स घेतल्यास, तुझा मेसेज आहे. जीपेवर मला दिसत नाहीत. रोख दिले होतेस का, की दुसऱ्या कुणाच्या नंबरवर गेले? जरा तुझ्या फोनमध्ये बघतोस का?" एवढंच. "तूच का रे" असं तोंडून जाऊ देऊ नका, आणि "जाऊ दे, काही नाही" असंही म्हणू नका. ज्याला खरंच आठवत नाही त्याला बघायला वेळ मिळतो. ज्याला आठवतंय त्यालाही सरळ पाठवून देता येतात.

दिलेच नव्हते असं निघालं तर त्याने ते पैसे तुम्हाला पाठवू नयेत. ज्याला १,४०० घेऊन जावं लागलं त्याच्या जीपेवर थेट टाकावेत आणि त्याला एक फोन करावा. मधे तुम्ही आलात की त्या दोघांचं बोलणं राहून जातं.

नवीन दोघांवर जी कुजबुज झाली ती मात्र तुम्ही मिटवायची. नाव न घेता ग्रुपवर एक ओळ टाका की फरक सापडला, हिशोब जुळला, कुणाच्याही चिप्समध्ये गडबड नव्हती. ती ओळ आज रात्रीच जाऊ दे. त्यांनी हे चार दिवस ऐकलेलं असणार.

वही कुणाकडे द्यायची ते विचारलं नाहीत, पण सुचवते. ज्याला दोन हजार कमी मिळाले त्यालाच बँक धरायला विचारा. तो हो म्हणाला तर डबा, वही आणि पेटीची किल्ली शनिवारी सगळ्यांसमोर त्याच्या हातात द्या, आणि पहिला रिबाय तुम्ही स्वतः पैसे आधी ठेवून घ्या.